‘इतर’ या रकान्यातलं पिस्तूल

जानेवारीतली गोष्ट. नवी मुंबई महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. आधीची निवडणूक २०१५ सालची. मधल्या काळात मुदत संपून प्रशासक बसले, आणि मग एकदाची २०२६ च्या १५ जानेवारीला मतदानाची तारीख लागली. इतक्या वर्षांनी मत मागायला माणसं येणार म्हणून आमच्या जुईनगरच्या सोसायटीत बायकांनी प्रश्नांची यादीच करून ठेवली होती. पाण्याचा दाब, स्टेशनबाहेरच्या रिक्षांची दादागिरी, मोकाट कुत्री, पार्किंग. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी एका पक्षाचं पॅनेल आलं. चार उमेदवार, त्यात दोन बायका, मागे दहा-बारा पोरं. सगळ्यांचे प्रश्न झाले. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, “तुमच्यापैकी कुणाकडे पिस्तुलाचा परवाना आहे का? आणि बंदुकांच्या परवान्यांबद्दल तुमच्या पक्षाचं म्हणणं काय?”

क्षणभर सगळे गप्प. मग त्यातला एक जण हसला. म्हणाला, “काकू, आपल्याकडे कुठे आल्यात बंदुका? हा काय अमेरिका आहे का?”

आमच्या शेजारच्या वहिनींनीही माझ्याकडे असं पाहिलं, की हिला आज झालंय तरी काय! मी विषय वाढवला नाही. चहा दिला, त्यांनी पत्रकं ठेवली, गेले. पण प्रश्न माझ्या डोक्यात नुसताच आला नव्हता. त्याच्या आधी आठ-दहा दिवसांपूर्वी एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं होतं. ती एका तालुक्याच्या गावची, लग्नाला पंधरा वर्षं झालेली. गावाचं नाव सांगत नाही, तिनंच तसं कळवलंय.

ती लिहिते, की तिच्या नवऱ्याचा वाळू आणि प्लॉटचा धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने पिस्तुलाचा परवाना काढला. धंद्यात वैर असतं, जीवाला धोका आहे, असं अर्जात लिहिलं. परवाना मिळाला. पिस्तूल कपाटात असतं, तिच्या साड्यांच्या खालच्या खणात. नवऱ्याने ते तिच्यावर कधी रोखलेलं नाही. धमकीही दिलेली नाही. फक्त भांडण झालं, की तो उठतो, कपाट उघडतो आणि ते आणून जेवणाच्या टेबलावर ठेवतो. बस्स. पुढे ती काही बोलत नाही. “कुणाला सांगू ताई? मारलं असतं तर सांगता आलं असतं,” असं एक वाक्य पत्रात आहे. ते वाचल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

‘आपल्याकडे कुठे बंदुका’ म्हणणाऱ्या त्या उमेदवाराला लांब जायला नको होतं. २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या शेजारच्या नेरुळमध्ये भर रस्त्यात एका बिल्डरला गोळ्या घालून मारलं. २०२५ च्या जानेवारीत सानपाड्याला, जिथे आम्ही महिन्याचं सामान भरायला जातो तिथेच जवळ, एका कंत्राटदारावर मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. नेरुळ एक स्टेशन अलीकडे, सानपाडा एक स्टेशन पलीकडे. मधलं आमचं.

तर तो प्रश्न मी का विचारला, ते नीट सांगते.

निवडणुकीला उभं राहणाऱ्या माणसाला आपली मालमत्ता आणि आपल्यावरचे गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. ही सोय आपल्याला कुणी आपणहून दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली दिलेल्या निकालांमुळे ती मिळाली. ती प्रतिज्ञापत्रं कुणालाही वाचता येतात. मी वाचते. वेळ जातो छान. रोख किती, ठेवी किती, गाडी कुठली, बायकोच्या अंगावर सोनं किती तोळे, सगळं त्यात असतं. आणि कधी कधी जंगम मालमत्तेच्या शेवटी, ‘इतर’ म्हणून जे काही लिहायचं त्यात, रिव्हॉल्व्हर एक, किंमत अमुक. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांच्या २०२२ च्या प्रतिज्ञापत्रात एक लाखाचं रिव्हॉल्व्हर आणि ऐंशी हजारांची रायफल होती. आपल्या राज्यातल्या उमेदवारांच्या कागदांतही अशा नोंदी सापडतात. फ्रीजची किंमत लिहावी तशी शस्त्राची किंमत लिहिलेली असते. ते कशासाठी घेतलं, कुणापासून धोका आहे, घरात कुठे ठेवलंय, याला रकाना नाही. आणि रकाना नसला, की विचारायचं कुणाला सुचत नाही.

त्या ‘इतर’मधलं पिस्तूल बाहेर आलं की काय होतं, ते २०२४ च्या २ फेब्रुवारीला रात्री उल्हासनगरमध्ये दिसलं. हिललाइन पोलीस ठाणे. द्वारली गावातल्या जमिनीच्या वादावरून दोन्ही बाजू तिथे आलेल्या. कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच शिवसेनेच्या शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं. आपल्या मुलाला मारहाण होत होती म्हणून गोळ्या झाडल्या, असं आमदारांनी वाहिनीला सांगितलं. त्यांना अटक झाली. पिस्तूल परवान्याचं होतं. म्हणजे सरकारनं तपासून, शिक्का मारून दिलेलं.

त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याने नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, असं तपासात निघालं. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा.

आठवडाभरात दोन घटना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. कल्याण पूर्वमध्ये भाजपने गणपत गायकवाडांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांना उमेदवारी दिली. गोळ्या लागलेले महेश गायकवाड अपक्ष म्हणून समोर उभे राहिले. सुलभाताई सुमारे २६ हजार मतांनी निवडून आल्या. त्यांच्या निवडून येण्याबद्दल मला तक्रार नाही. मतदारांनी दिलेला कौल आहे तो, आणि नवऱ्याच्या करणीचा हिशेब बायकोकडे मागायचा नसतो, हे आपण बायकांनी तरी लक्षात ठेवावं. मला आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एकाच मतदारसंघात एकीकडे गोळी झाडल्याचा आरोप असलेल्याचं घर आणि दुसरीकडे गोळी लागलेला माणूस उभा, आणि तरी पक्षांच्या जाहीरनाम्यात शस्त्रपरवान्यांबद्दल एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. लाडकी बहीण होती, वीजबिल होतं, कर्जमाफी होती.

आता अमेरिकेचं सांगते, कारण त्या उमेदवारानेच नाव काढलं.

माझी भाची न्यू जर्सीत असते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिने तिथे पहिल्यांदा मत दिलं. तिची मुलगी दुसरीत. त्या राज्यात शाळांना दर महिन्याला आगीचा सराव असतो तसा सुरक्षेचाही सराव घ्यावाच लागतो, कायदाच आहे. फोनवर ती पोर मला मोठ्या कौतुकाने सांगत होती, की आजी, आम्ही दिवा घालवतो, कोपऱ्यात बसतो आणि कुणी खोकायचंसुद्धा नाही. मी ‘अगं बाई, हो का’ म्हणाले आणि फोन तिच्या आईकडे द्यायला सांगितला. आईला विचारलं, मग मत देताना हे मनात असतं का गं? ती म्हणाली, “मावशी, इथे अध्यक्षपदाला उभं राहणाऱ्याला हा प्रश्न चुकतच नाही.”

तिने सांगितलं आणि मी वाचलं, ते असं. कमला हॅरिस २०१९ साली पक्षाची उमेदवारी मागत होत्या, तेव्हा लष्करी धाटणीच्या बंदुका लोकांकडून सरकारने सक्तीने परत विकत घ्याव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२४ ला त्या प्रत्यक्ष उमेदवार झाल्या तेव्हा सक्तीचा मुद्दा सोडला. अशा बंदुकांची विक्री बंद करा आणि प्रत्येक खरेदीदाराची पूर्वतपासणी करा, एवढ्यावर आल्या. आणि स्वतःकडेही बंदूक आहे, हे त्यांनी वादसभेत सगळ्यांदेखत सांगितलं. डोनाल्ड ट्रम्प यांनी बंदूकधारकांच्या संघटनेच्या मेळाव्यात शब्द दिला, की मी आलो तर तुमच्या बंदुकांना कुणी हात लावणार नाही. ते निवडून आले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आधीच्या सरकारच्या बंदुकांविषयीच्या नियमांचा फेरआढावा घ्यायचा आदेश त्यांनी काढला. स्वतः ट्रम्प यांच्यावर २०२४ च्या जुलैमध्ये प्रचारसभेत गोळी झाडली गेली होती, कानाला लागून गेली, तरी भूमिका तीच.

मला ट्रम्प यांचं म्हणणं पटत नाही. भाचीला तर मुळीच नाही. पण काय आहे, की हॅरिसबाईंनी भूमिका बदलली हे लोकांना कळलं, कारण २०१९ ला त्यांना विचारलेलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलेलं होतं. ट्रम्प यांनी केलं ते सांगून केलं. त्या देशाचे हाल आहेत, यात शंका नाही. माणसांपेक्षा बंदुका जास्त. २०१२ साली एका शाळेत वीस लहान मुलं मारली गेली, तरी पुढच्या वर्षी साधा पूर्वतपासणीचा कायदाही तिथल्या सिनेटमध्ये मंजूर झाला नाही. पुढे २०२२ मध्ये, आणखी एका शाळेत एकोणीस मुलं गेल्यावर, थोडाफार कायदा झाला. प्रश्न विचारून तो सुटतोच असं नाही, हे मला दिसतंय. पण तिथल्या आईला निदान माहीत असतं, की आपण कशाला मत देतोय.

आणि आपला देश या बाबतीत अगदीच सोवळा आहे असंही नाही बरं का. जगभरच्या बंदुकांची मोजदाद करणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार सामान्य लोकांकडच्या बंदुकांमध्ये अमेरिकेखालोखाल संख्या भारताची. सात कोटींच्या वर. लोकसंख्येच्या मानाने ती कमी, हे खरंच. पण आपल्याकडचे परवाने किती? २०१६ अखेर देशभरात ३३ लाखांच्या वर, त्यातले महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास. मग उरलेल्या बंदुका कुठल्या? जळगावच्या चोपडा तालुक्यातल्या बायकांना विचारा. हद्दीपलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी गाव गावठी कट्ट्यांसाठी कसं बदनाम आहे, ते तिथे सगळ्यांना ठाऊक आहे.

बीडचं तर सगळ्यांनी वाचलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि मग जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने आहेत हे बाहेर आलं. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ फिरायला लागले. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने होते. मग शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. म्हणजे रद्द करता येत होते! सरपंचाचा जीव जाईपर्यंत थांबावं लागलं, एवढंच.

आपले पुढारी बंदुकीबद्दल बोलत नाहीत म्हटलं, पण बायकांच्या हाती हत्यार द्यायला मात्र पुढे असतात. २०२५ च्या महिला दिनाच्या सुमारास मंत्री गुलाबराव पाटील यांनी बायकांना सल्ला दिला, की पर्समध्ये लिपस्टिकबरोबर मिरचीची पूड आणि चाकू ठेवा. त्याच वेळी विरोधी बाजूच्या रोहिणी खडसे यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं, की बायकांना एक खून माफ करा. रोहिणीताईंचा त्रागा मला समजतो. रोज पेपर उघडला की कुठल्याही बाईच्या मनात तो येतो. पण दोघांचंही ऐकून मला वाटलं, म्हणजे शेवटी आपलं आपणच बघायचं का? सरकारातले म्हणतात चाकू घ्या, विरोधातले म्हणतात खून माफ करा, आणि ज्यांच्याकडे खरोखरची पिस्तुलं आहेत त्यांना कोणी काही विचारायचं नाही.

कुणी म्हणेल, मग बाईने स्वतःच परवाना का काढू नये? कायद्याने काढता येतो. वय एकवीस पूर्ण हवं, कारण पटायला हवं, प्रशिक्षण हवं. पण हातात पिस्तूल आलं की बाईसुद्धा कशी बोलायला लागते, ते २०२४ च्या जुलैमध्ये मुळशीच्या व्हिडिओत सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. शेताच्या बांधावर एक बाई शेतकऱ्यांना पिस्तूल दाखवून दरडावत होती. हत्यार बाईच्या हातात आलं म्हणून ते मवाळ होत नाही.

आणि घर राखायला म्हणाल, तर आमच्याच जुईनगरची गोष्ट ऐका. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इथे सेक्टर ११ मध्ये चोरांनी एका बँकेजवळचा गाळा भाड्याने घेऊन तिथून भुयार खणलं आणि तीसएक लॉकर साफ केले. कितीजणींचं स्त्रीधन गेलं. एक गोळी झाडावी लागली नाही. त्या गाळ्यात रोज कोण जातंय, काय करतंय, याची चौकशी करणारी एक चौकस बाई तिथे असती, तर दहा पिस्तुलांपेक्षा जास्त उपयोग झाला असता.

मी बंदूकच नको म्हणणारी नाही. माझ्या मामांकडे कोकणात ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्याची. वानर आणि रानडुक्कर काय नासधूस करतात, ते ज्याची बाग आहे त्यालाच माहीत. निवडणूक लागली, की मामा ती बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात न्यायचे, जमा करून पावती घ्यायचे आणि मामी ती पावती ट्रंकेत रेशनकार्डाबरोबर ठेवायची. त्यांना राग यायचा, कारण नेमका त्याच दिवसांत आंबा झाडावर असायचा. पुढे २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की सरसकट सगळ्यांची हत्यारं काढून घेऊ नका, कोणाची घ्यायची ते छाननी करून ठरवा. आता समिती ठरवते. बरोबरच आहे ते. पण मामांची बंदूक गावाला माहीत होती, मामीला माहीत होती, ती माळ्यावर असे आणि जेवणाच्या पाटाजवळ कधी आली नाही.

माझा सगळा मुद्दा त्या टेबलापाशी येऊन थांबतो. परवाना देताना पोलीस चौकशी करतात. गुन्हे आहेत का, शेजारी काय म्हणतात, धोका खरा आहे का. पण बायकोला बाजूला घेऊन विचारलंच पाहिजे, असं आपल्या नियमांत नाही. कॅनडात बंदुकीच्या परवान्याच्या अर्जावर बायकोची किंवा जोडीदाराची सही मागतात. गेल्या दोन वर्षांत वेगळी झालेली असेल तिचीही. सही नसेल, तर परवाना देणारा अधिकारी तिला कळवतो. ती म्हणाली, की मला भीती वाटते, तर ते ऐकलं जातं. आपल्याकडे हे का होऊ नये? २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, लग्नावरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. वरातीचा विचार झाला. घराचा राहून गेला.

तरी त्या मैत्रिणीला मी जे कळवलं, ते इथेही लिहिते, कारण ती एकटी नसणार. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मारहाणच लागते असं नाही, मानसिक छळही येतो. त्या कायद्याच्या नियमांत संरक्षण अधिकाऱ्याच्या कामांमध्ये एक काम स्पष्ट लिहिलेलं आहे. दंडाधिकाऱ्यांनी सांगितलं, तर हिंसाचारात वापरलेलं हत्यार जप्त करायला पोलिसांना मदत करायची. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत. दुसरं, परवाना ज्यांनी दिला त्यांना तो निलंबित किंवा रद्दही करता येतो. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, आणि आमच्यासारख्या आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्त. त्यांना साध्या कागदावर अर्ज देता येतो. नूतनीकरणाची तारीख परवान्यावर असते, ती बघून ठेवावी. अर्ज त्याच्या आधी गेलेला बरा. आणि मत मागायला कुणी दारात आलं, तर विचारावं. हसतील. मला हसले, मी काही विरघळले नाही.

तिच्या पत्रातली एक गोष्ट सांगायची राहिली. तिच्या गावात नगरपरिषदेची निवडणूक होती. ४ नोव्हेंबर २०२५ ला आचारसंहिता लागली आणि नवऱ्याला पिस्तूल ठाण्यात जमा करायची नोटीस आली. त्याने चडफडत केलं. त्या दिवसांत ती दोनदा त्याच्याशी भांडली म्हणे, मुलीच्या शाळेवरून आणि सासूच्या औषधावरून, आणि दोन्ही वेळा भांडण शेवटपर्यंत झालं. २ डिसेंबरला मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी व्हायची होती, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने ती २१ डिसेंबरपर्यंत पुढे गेली. आचारसंहिताही तोवर वाढली. उमेदवार वैतागले, गाव वैतागलं, तिचा नवराही. तिने लिहिलंय, “मी मात्र त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली.”